सोन्याचा राजा आणि राजाविना नगर

दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर एक चित्र फिरू लागते. मुकुट घातलेला एक कृष्णवर्णी पुरुष आसनावर बसला आहे. एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात सोन्याचा गोळा. खाली ओळ असते : जगाच्या इतिहासातील सर्वांत श्रीमंत मनुष्य. शेजारी ४०० अब्ज डॉलरांचा आकडा. हा पुरुष म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा अधिपती मान्सा मुसा.

चित्र १३७५ च्या सुमाराचे आहे. भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटाशी जोडल्या जाणाऱ्या ‘कॅटलन ॲटलास’ या नकाशासंग्रहातले. ते रेखाटले गेले तेव्हा मुसाला जाऊन जवळपास चार दशके लोटली होती. मूळ नकाशात तो एकटा नाही. उंटावर बसलेला, तोंड वस्त्राने झाकलेला एक वाळवंटी स्वार त्याच्या दिशेने येतो आहे आणि मुसाने पुढे केलेला सोन्याचा गोळा त्या स्वारासमोर धरलेला आहे. फिरत्या चित्रात हा स्वार बहुधा कापलेला असतो. चौकटीत मावत नाही म्हणून कापला जात असेल. पण त्याच्याबरोबर पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासाचा अर्थही कापला जातो. हा धागा त्या कापल्या गेलेल्या भागाविषयी.

प्रथम त्या आकड्याचा निकाल लावणे बरे. चौदाव्या शतकातील राजाची संपत्ती आजच्या डॉलरांत मोजायची तर त्याचा खासगी खजिना कोणता आणि राज्याचा कोणता हे ठाऊक हवे, एकूण सोने किती हे ठाऊक हवे, आणि त्या सोन्याची त्या काळची खरेदीशक्ती ठाऊक हवी. यांतले काहीच हाती नाही. आकडा केवळ ठोकून दिलेला आहे. जे ठाऊक आहे ते त्याहून रंजक आहे. मुसा १३२४ मध्ये हज यात्रेच्या वाटेवर कैरोला पोहोचला. सुमारे १२ वर्षांनी अल-उमरी या लेखकाने कैरोतील लोकांना विचारून त्याची हकिगत टिपून ठेवली. मुसाच्या दानधर्मामुळे आणि त्याच्या माणसांच्या खरेदीमुळे शहरात इतके सोने आले, की पूर्वी २५ दिरहमांच्या खाली न येणारा सोन्याचा मिस्काल त्यानंतर २२ च्या वर जाईना. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. मक्केहून परतताना सम्राटाजवळचे सोने संपले आणि त्याला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून भारी व्याजाने कर्ज काढावे लागले.

अल-उमरीने आणखी एक नोंद केली आहे आणि या विषयाची किल्ली तिच्यात आहे. मालीचे राजे सोन्याच्या प्रदेशांवर ताबा मिळवत नसत. अनुभव असा होता, की एखादे सुवर्णनगर जिंकून तेथे नवा धर्म पसरवला की सोन्याचे उत्पादनच घटू लागते. म्हणून राजांनी खाणकऱ्यांना त्यांच्या हाती, त्यांच्या श्रद्धांसह, मोकळे सोडले आणि ठरावीक खंडणीवर समाधान मानले. ‘सर्वांत श्रीमंत मनुष्य’ म्हणून मिरवला जाणारा सम्राट ज्या सोन्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या सोन्याच्या खाणींचा धनी नव्हता! ते दक्षिणेकडे, बांबुक आणि बुरेच्या परिसरात, शेतीचा हंगाम आटोपल्यावर खड्डे खणणाऱ्या लोकांच्या हातून येत होते. घाना, माली आणि सोंघाई ही तिन्ही साम्राज्ये मधल्या वाटेवर उभी राहिली. वाट आधीची होती. सिंहासने मागाहून आली.

हे विधान साधे वाटेल, पण अर्ध्या शतकापूर्वीपर्यंत विद्वानांचे मत बरोबर उलटे होते. पश्चिम आफ्रिकेत नगरे कशी जन्मली, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे : सातव्या-आठव्या शतकात अरबांनी उत्तर आफ्रिका जिंकली, त्यांचे व्यापारी उंटांवरून सहारा ओलांडून आले, त्यांच्या सोन्याच्या मागणीमुळे दक्षिणेला बाजार बसले, बाजारांभोवती नगरे वसली आणि नगरांतून राज्ये निर्माण झाली. थोडक्यात, नगर ही वस्तूसुद्धा मिठासारखी उंटाच्या पाठीवरून आली. हे मत निव्वळ वंशद्वेषातून आले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. लिखित साधने अरबी होती आणि ती आठव्या शतकाच्या मागे जात नव्हती. कागदाच्या आधी काय होते, हे विचारायचे तर मातीला विचारावे लागते, आणि माती कोणी फारशी उकरली नव्हती.

१९७७ मध्ये रॉडरिक आणि सुझन मॅकिंटॉश या अमेरिकी पुरातत्त्वज्ञ दांपत्याने ती उकरली. मालीमधल्या जेन्ने या गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर, नायजर नदीच्या पूरमैदानात एक मोठे टेकाड आहे. स्थानिक लोक त्याला जेन्ने-जेनो म्हणतात, म्हणजे जुने जेन्ने. तेथे १९७७ आणि १९८१ मध्ये झालेल्या उत्खननांनी वरील उत्तराचा पायाच काढून घेतला. वस्ती इसवी सनपूर्व २५० च्या सुमारास सुरू झालेली होती. म्हणजे महाराष्ट्रात सातवाहनांचा उदय होण्याच्या आगेमागे. पहिल्या वसाहतकऱ्यांजवळ लोखंड होते. पुढे सुमारे हजार वर्षे ती वस्ती वाढत राहिली, आणि इसवी सन ८०० च्या सुमारास तिचा विस्तार सुमारे ३३ हेक्टर झाला होता. भोवती जवळपास दोन किलोमीटर लांबीची मातीच्या विटांची भिंत होती. अरब व्यापाऱ्यांचे तांडे नियमित येऊ लागले तेव्हा त्यांना येथे नगर वसवावे लागले नाही. ते आयते नांदत होते.

पण मग हे लोक आले कोठून? त्याचे उत्तर उत्तरेकडे, आजच्या मॉरिटानियाच्या वाळवंटात आहे. आज जेथे केवळ वाळू आणि खडक दिसतात त्या धार तिचितच्या कड्यांवर इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात दगडी कुंपणांची गावे होती. त्या काळी तेथे पाणथळ जागा होत्या, गुरे चरत होती, आणि माणसे एक धान्य पेरत होती. त्यांच्या मडक्यांच्या भाजलेल्या मातीत त्या धान्याचे ठसे राहून गेले आहेत. ते धान्य म्हणजे बाजरी.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. बाजरी मूळची भारताची नव्हे. पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिण कडेला रानगवतातून माणसाने ती घडवली आणि इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात ती भारतात पोहोचलेली दिसते. ज्वारीचे मूळ पूर्व सुदानकडे जाते, नाचणीचे पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांकडे. नगरची बाजरी, सोलापूरची ज्वारी आणि कोकणातली नाचणी! महाराष्ट्राच्या तव्यावर पडणाऱ्या या तिन्ही भाकऱ्यांचे बियाणे आफ्रिकी शेतकऱ्याने निवडून, जोपासून, पिढ्यान्‌पिढ्या सुधारून जगाला दिलेले आहे. आफ्रिकेने जगाला काय दिले, असा प्रश्न भाकरी मोडताना तरी पडू नये.

सहारा कोरडा होत गेला, तशी तिचितची गावे ओस पडत गेली आणि माणसे दक्षिणेकडे, पाण्याच्या मागे सरकली. ती जेथे येऊन ठरली, ती नायजरची अंतर्देशीय त्रिभुज भूमी ही एक विलक्षण जागा आहे. नायजर ही नदीच मुळात हट्टी. तिचा उगम गिनीच्या डोंगरांत, अटलांटिक समुद्रापासून जेमतेम २४० किलोमीटरवर. पण ती समुद्राकडे पाठ करून ईशान्येला, थेट वाळवंटाच्या दिशेने निघते. वाळवंटाच्या उंबऱ्यापाशी टिंबक्टूजवळ मोठा वळसा घेते आणि मग आग्नेयेला वळून ४००० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून गिनीच्या आखाताला मिळते. या वळशाच्या अलीकडे जमीन इतकी सपाट आहे, की दरवर्षी पुराचे पाणी हजारो चौरस किलोमीटरांवर पसरते. पाणी चढताना भात, ओसरताना चराई, मधल्या डोहांत मासे. तांदूळही येथला स्वतःचा. आशियाई भाताहून निराळी, आफ्रिकेतच घडलेली जात.

या भूमीजवळ अन्न अमाप आहे आणि बाकी जवळपास काही नाही. पूरमैदानात लोखंडाचे खनिज नाही, दळायला दगड नाही, तांबे नाही, मीठ नाही, सोने नाही. जेन्ने-जेनोच्या थरांत यांतल्या पहिल्या तीन गोष्टी सापडतात. म्हणजे त्या बाहेरून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ, सुकवलेली मासळी, माशांचे तेल अशा वस्तू गेल्या असल्या पाहिजेत. नदी हा राजमार्ग होता आणि नाव हे वाहन. सहाराचा उंट या व्यवहारात नंतर आला.

जेन्ने-जेनोत जे सापडले त्यापेक्षा जे सापडले नाही ते अधिक बोलके आहे. राजवाडा सापडला नाही. शेजाऱ्यांहून वैभवशाली अशी राजाची कबर सापडली नाही. एखाद्या सत्ताधीशाचे कोठार म्हणता येईल असे काही नाही. आणि नगर एकसंधही नाही. भोवतीच्या चार किलोमीटरांच्या परिघात साठाहून अधिक लहानमोठी टेकाडे आहेत आणि त्यांतली बरीच एकाच काळी नांदती होती. काही टेकाडांवर लोहारकामाच्या खुणा दाटलेल्या, काहींवर मासेमारीची साधने. मॅकिंटॉश यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा, की कोळी, भातकरी, गुराखी, लोहार, विणकर असे वेगवेगळे समूह परस्परांजवळ पण वेगळे राहिले. जवळ राहिले, कारण एकमेकांवाचून चालत नव्हते. वेगळे राहिले, कारण कोणालाही दुसऱ्याच्या पायाशी बसायचे नव्हते. आजही त्या प्रदेशात बोझो मासे धरतात, मार्का भात पिकवतात, फुलानी गुरे राखतात. मराठी वाचकाला येथे बलुतेदारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण बलुतेदारीच्या गावात पाटील आहे, वतन आहे, गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे आहेत. जेन्ने-जेनोच्या मातीत निदान पाटलाचा वाडा तरी उमटलेला नाही.

तेथे विषमता नव्हतीच, असे यावरून ठरत नाही. माती सगळेच सांगत नाही, आणि राजा नाही म्हणजे रामराज्य, हे समीकरण भाबडे आहे. मात्र शाळेत पाठ केलेली क्रमवारी, म्हणजे आधी राजा, मग राज्य, मग राजधानी, मग व्यापार, येथे सपशेल कोसळते. येथे व्यापाराने नगर घडवले आणि ते राजावाचून हजार वर्षे वाढले.

मग अरबांनी आणि उंटांनी काय केले? प्रमाण बदलले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत उंट सहारात रुळला. आठव्या शतकापासून उत्तरेच्या टांकसाळींना सोन्याची भूक लागली आणि पूर्वी थेंबथेंब होणारी देवघेव तांड्यांनी होऊ लागली. तेव्हा वाळवंट आणि गवताळ प्रदेश यांच्या सीमेवर जो बसेल तो नाक्याचा धनी, अशी स्थिती आली. सोनिंके लोकांचे वागदू राज्य नेमके तेथे होते. अरब त्याला घाना म्हणू लागले. अल-बक्रीच्या म्हणण्यानुसार ही मुळात राजाची पदवी. आजच्या घाना देशाशी या राज्याचा भूगोलाने संबंध नाही. १९५७ मध्ये स्वतंत्र होताना त्या देशाने हे नाव अभिमानाने उचलले, इतकेच.

अल-बक्री हा कॉर्डोबाचा पंडित. त्याने घाना कधी पाहिले नाही. जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांना विचारून १०६८ मध्ये त्याने वर्णन लिहिले. त्यात सोन्याच्या पट्ट्यांचे कुत्रे आहेत, सोन्याने मढवलेल्या ढाली-तलवारी आहेत, आणि वाचक नेहमी तेथेच रेंगाळतात. खरे महत्त्व पुढच्या दोन ओळींना आहे. मिठाचे ओझे घेऊन राज्यात शिरणाऱ्या प्रत्येक गाढवामागे राजा सोन्याचा एक दिनार घेई, आणि तेच मीठ राज्याबाहेर जाताना दोन दिनार. शिवाय खाणींत सापडलेले सोन्याचे खडे राजाचे, सोन्याची भुकटी मात्र ज्याची त्याची. अन्यथा सोने इतके होईल की त्याचे मोल उरणार नाही, असे कारण अल-बक्री देतो. अकराव्या शतकातल्या या राज्याला पुरवठा आणि किंमत यांचे नाते पक्के ठाऊक होते. अडीचशे वर्षांनी कैरोत मुसाने जे केले, ते याच धोरणाच्या विरुद्ध होते. वाटेवरच्या राजाने सोने दाबून धरायचे असते, उधळायचे नसते.

आणि राजा कर सोन्यावर नव्हे, मिठावर बसवतो, हेही ध्यानात घेण्याजोगे. सोने लपवता येते. मिठाच्या लाद्या लपवता येत नाहीत. शिवाय उष्ण प्रदेशात घाम गाळणाऱ्या माणसाला आणि गुराला मिठावाचून जगता येत नाही, सोन्यावाचून सुखाने जगता येते. उत्तरेच्या दृष्टीने हा सोन्याचा व्यापार होता. दक्षिणेच्या दृष्टीने तो मिठाचा होता. इतिहास उत्तरेच्या लेखण्यांनी लिहिला, म्हणून तो सोन्याचा झाला.

ते मीठ कोठून येई हे १३५२ मध्ये इब्न बतूताने प्रत्यक्ष पाहिले. सहाराच्या पोटात तगाझा नावाचे गाव होते. तेथे झाड नाही, गवत नाही. घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छपरे उंटांच्या कातड्यांची. जमिनीखालून मिठाचे जाड पत्रे कापून काढायचे आणि एका उंटावर दोन लादायचे. हे काम मसूफा जमातीचे गुलाम करीत. खायला उत्तरेहून आलेला खजूर, उंटाचे मांस आणि दक्षिणेहून आलेले भरड धान्य. एका उंटाच्या ओझ्याला वलाता येथे आठ ते दहा मिस्काल सोने मिळे; मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीसही. ही वाढ कोठून आली? अंतरातून, तहानेतून, आणि मधल्या प्रत्येक हाताच्या नफ्यातून.

या व्यवहाराचे वर्णन करताना पुष्कळदा एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. इब्न बतूता परत निघाला त्या तांड्यात सुमारे ६०० गुलाम स्त्रिया होत्या. त्याने हे आश्चर्य म्हणून लिहिलेले नाही. सोबतीचा तपशील म्हणून लिहिले आहे. सोने आणि मीठ यांच्या जोडीने माणूसही या वाटेवरचा माल होता, युरोपीय जहाजे गिनीच्या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून. आफ्रिकेचा गौरव सांगायचा म्हणून हे वाक्य झाकणारा लेखक त्या ६०० जणींना दुसऱ्यांदा इतिहासाबाहेर ढकलतो.

त्याच प्रवाशाने मालीची एक मोठी स्तुतीही केली आहे. वाटा सुरक्षित आहेत, चोराची भीती नाही. परदेशी व्यापारी तेथे मेला तर त्याच्या मालाला कोणी हात लावत नाही. वारस येईपर्यंत तो विश्वासू माणसाच्या हवाली राहतो. साम्राज्याने या प्रदेशाला नेमके काय दिले, याचे उत्तर येथे आहे. बाजार, पीक, कारागिरी, नौकानयन हे सारे आधीचे होते. सम्राटाने वाट निर्धोक केली आणि त्याचे शुल्क घेतले. ही सेवा लहान नव्हे, पण तिला जन्मदात्याचा मान देता येत नाही.

इब्न बतूताची स्वतःची अपेक्षा मात्र फिरत्या चित्रासारखीच होती. मुसाचा भाऊ मान्सा सुलेमान तेव्हा गादीवर होता. त्याच्याकडून भेट आली आहे असे कळताच हा प्रवासी उठून उभा राहिला. मानाची वस्त्रे आणि पैसा असेल असे त्याला वाटले. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या भांड्यात विरजलेले दूध. तो हसला, आणि सुलेमानाच्या कंजूषपणावर त्याने पुढे पुष्कळ शाई खर्च केली. कैरोच्या कर्जाची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला सुलेमानाचा हिशेबीपणा इतका हास्यास्पद वाटणार नाही.

याच प्रवाशाने एक धागा थेट हिंदी महासागरापर्यंत नेऊन ठेवला आहे. मालीला जाण्यापूर्वी काही वर्षे तो मालदीव बेटांवर काझी होता. तेथे समुद्रातून कवड्या काढून त्या बंगालला तांदळाच्या बदल्यात पाठवल्या जातात, हे त्याने पाहिले होते. त्याच कवड्या त्याला नायजरच्या काठी चलन म्हणून वापरात दिसल्या; एका सोन्याच्या दिनाराला ११५०. मालदीवची कवडी हिंदी महासागर, इजिप्त आणि सहारा ओलांडून येथवर येत होती. मराठीत जी कवडी ‘कवडीमोल’ शब्दात क्षुद्रतेची खूण झाली आणि भवानीच्या माळेत पूज्य ठरली, तीच टिंबक्टूच्या बाजारात भाजीपाल्याचा भाव ठरवत होती. इतक्या लांबून आलेली वस्तू सुट्ट्या पैशासारखी वापरली जाते, तेव्हा तेथे दररोजची, लहान माणसांची, चिल्लर खरेदी-विक्री दाट असली पाहिजे. सोन्याचा गोळा दरबाराची साक्ष देतो, कवडी बाजाराची.

मालीच्या उतारानंतर सोंघाई आले. सतराव्या शतकात तारीख लिहिणारा टिंबक्टूचा अल-सादी सांगतो, की जेन्नेच्या वेढ्यात सोंघाईच्या सोन्नी अलीला सात वर्षे, सात महिने आणि सात दिवस घालवावे लागले. सातांची ही उतरंड कथेतली आहे हे उघड आहे. पण जेन्ने सहजी हाती लागणारे गाव नव्हते, हा तिचा अर्थ खरा. टिंबक्टूला चहूकडून तांडे येतात ते जेन्नेमुळे, असेही अल-सादी म्हणतो. टिंबक्टूचे नाव जगभर गेले आणि जेन्नेचे राहिले.

१५९१ मध्ये मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याने सुमारे चार हजारांची बंदूकधारी फौज सहारापार पाठवली. तोंदिबीच्या लढाईत सोंघाईचे सैन्य मोडले, सेनापती जुदर गाओ या राजधानीत शिरला, आणि त्याची निराशा झाली. सोन्याच्या साम्राज्याची राजधानी म्हणून जे त्याने मनात रंगवले होते, त्यातले काही समोर नव्हते. मराकेशमधल्या गाढववाल्यांच्या मुकादमाचे घर आस्कियाच्या या वाड्याहून बरे आहे, असे त्याने आपल्या धन्याला कळवले, असे अल-सादी लिहितो. सुलतान इतका संतापला की त्याने जुदरला बाजूला सारून दुसरा सेनापती पाठवला. दुसराही खाणींपर्यंत पोहोचला नाही. पोहोचणार कसा? मालीच्या राजांना जे तीन शतकांपूर्वी कळले होते, ते मराकेशला कळले नव्हते. मधला दुवा तलवारीने कापला की दोन्ही टोके हातातून सुटतात. काही सोने उत्तरेला गेले, सुलतानाला ‘सुवर्णमय’ अशी पदवीही मिळाली. पण ज्या विश्वासाच्या साखळीवर मीठ खाली आणि सोने वर सरकत होते, ती मोडली. त्याच सुमारास किनाऱ्यावर युरोपीय जहाजे वाढत होती आणि व्यापाराचे तोंड वाळवंटाकडून समुद्राकडे वळत होते.

जुदरचे ते गाढववाल्याचे वाक्य विनोदी वाटते, पण पुढची साडेतीन शतके तेच वाक्य निरनिराळ्या भाषांत उच्चारले गेले. १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी जाहीर व्याख्यानात सांगितले, की आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीयांचा, बाकी अंधार. आणि अंधार हा इतिहासाचा विषय नव्हे. त्यांच्या मनातही वाड्याचेच माप होते. भव्य इमारत, सलग राजावळी, लिखित सनावळी दिसत नाही, तर तेथे काही घडलेच नाही.

मान्सा मुसाचे फिरते चित्र या तुच्छतेला उत्तर म्हणून पुढे केले जाते. हेतू चांगला आहे, पण उत्तर फसवे आहे. ते जुदरचे माप नाकारत नाही. त्याच मापाने मोजून, आमचा वाडा मोठा होता, एवढेच म्हणते. त्यात तगाझाचा गुलाम नाही, बुरेचा खाणकरी नाही, नावेतून सुकी मासळी नेणारा बोझो नाही, बाजरीचे कणीस निवडणारी तिचितची शेतकरीण नाही. साम्राज्ये गेल्यावरही जे टिकले, ते या लोकांचे होते. सिंहासनाची चौकट इतकी मोठी केली, तर राजाविना हजार वर्षे वाढलेले नगर दिसणार तरी कसे? तरुण इतिहासप्रेमींनी मुसाचे चित्र पुसावे असे नाही. त्यांनी ते पूर्ण पाहावे, स्वारासकट.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. जेन्ने-जेनोच्या परिसरात भाजक्या मातीच्या मूर्ती सापडतात : गुडघे टेकून बसलेली माणसे, अंगावर साप वेटाळलेल्या आकृती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेच्या बाजारात त्यांना मोठी किंमत येऊ लागली आणि नायजरच्या काठची टेकाडे रातोरात खणली जाऊ लागली. संग्राहकाला मूर्ती हवी असते. ती कोणत्या थरात, कोणत्या मडक्याशेजारी, कोणाच्या घराच्या कोपऱ्यात होती हे नको असते. राजा आणि वाडा नसलेल्या नगराचा इतिहास मात्र त्या थरांतच असतो, दुसरीकडे कोठे नसतो. १९९३ मध्ये अमेरिकेने नायजर खोऱ्यातील पुरावस्तूंच्या आयातीवर तातडीचे निर्बंध घातले. जेन्नेचा जुना भाग आणि जेन्ने-जेनोचे टेकाड १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. २०१६ मध्ये, मालीतील अशांततेमुळे, ते धोक्यातील वारशाच्या यादीत गेले.

टेकाडावर आज कोणी राहत नाही. १४०० च्या सुमारास ते ओस पडले. पायाखाली सर्वत्र खापऱ्या पसरलेल्या आहेत. दर पावसाळ्यात माती थोडी वाहून जाते आणि नव्या खापऱ्या वर येतात. तीन किलोमीटरवरच्या जेन्नेत, मोठ्या मशिदीसमोरच्या चौकात, दर सोमवारी बाजार भरत आला आहे. त्यात मिठाच्या लाद्या असतात, सुकी मासळी असते, आणि बाजरी असते.